फायरवॉल आणि सर्व्हरचे लॉग वाचायचे कसे: काय आधी चालू ठेवायचं, बिघाडात कुठे बघायचं

हिंगणा एमआयडीसीतला कारखाना असो की धंतोलीतलं हॉस्पिटल, नेटवर्क सांभाळणाऱ्याला येणारा फोन एकाच वाक्याचा असतो: "सर, सर्व्हर बंद पडला." सर्व्हर बहुतेक वेळा बंद नसतोच. कुठे पोर्ट (सर्व्हिसचा क्रमांकाचा दरवाजा) अडलेला असतो, कुठे नाव सापडत नसतं, कुठे सर्व्हिसचा पासवर्ड बदललेला असतो, नाहीतर रात्री लाइन गेली तेव्हा मशीन मध्येच बसून पुन्हा उठलेलं असतं. यातलं नेमकं काय झालं ते लॉगमध्ये, म्हणजे मशीनने वेळेसकट ठेवलेल्या नोंदींत, लिहिलेलं असतं. फक्त लॉग बिघाडाच्या आधीपासून चालू हवा आणि सगळ्या मशीनची घड्याळं जुळलेली हवीत.

पुढची माहिती एक फायरवॉल (नेटवर्कमधून काय जाऊ द्यायचं ते ठरवणारं यंत्र) आणि दोन ते दहा सर्व्हर असलेल्या ऑफिससाठी आहे. विंडोजवर भर आहे, कारण अशा ऑफिसात तेच जास्त असतं. कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

आधी घड्याळ

फायरवॉल, स्विच, सर्व्हर, यूपीएसचं नेटवर्क कार्ड, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, सगळ्यांना एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सोय) लावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. विंडोज डोमेन (सगळ्यांची लॉगिन एका ठिकाणाहून चालवणारी व्यवस्था) असेल तर ती चालवणाऱ्या सर्व्हरना डोमेन कंट्रोलर म्हणतात; बाहेरची वेळ फक्त पीडीसी एम्युलेटर ही भूमिका असलेल्या डोमेन कंट्रोलरला द्या. बाकीची मशीन त्याच्याकडून घेतात.

तपासायला सर्व्हरवर 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स' चालवा. उत्तरात 'लोकल सीएमओएस क्लॉक' आलं तर ते मशीन कुणाकडूनच वेळ घेत नाही. डोमेन कंट्रोलर हायपर-व्हीवर (एका यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल असेल आणि उत्तरात 'व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर' दिसलं, तर तो होस्टचं, म्हणजे खालच्या खऱ्या यंत्राचं, घड्याळ पकडून बसलाय. त्या व्हीएमच्या इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधून वेळेची टिकमार्क काढा.

दोन लॉगमधला फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर एनटीपीचा दोष नाही, एक यंत्र यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) आहे. फायरवॉलचा टाइमझोन एशिया-कोलकाता करा. फरक तीन-चार मिनिटांचा असेल तर एनटीपी चालत नाही, आणि हा फरक पाच मिनिटांपलीकडे गेला की कर्बेरोस (विंडोज डोमेनमधली ओळख पटवण्याची पद्धत) लॉगिन नाकारायला लागतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी वेळ ही बघणाऱ्या मशीनच्या टाइमझोनची असते. मूळ नोंद यूटीसीत असते. दुसऱ्या टाइमझोनमधल्या माणसाला स्क्रीनशॉट पाठवण्यापेक्षा लॉगची फाइल पाठवा.

लॉगचा आकार

विंडोजचा सिक्युरिटी लॉग बऱ्याच मशीनवर मुळात २० एमबीचा असतो. फायरवॉलचं ऑडिट (घटनांची नोंद) चालू केलं की तो काही तासांत भरतो आणि सकाळची नोंद दुपारी पुसली जाते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि आकार किमान १ जीबी. खाली 'गरजेप्रमाणे जुनं पुसा' हाच पर्याय ठेवा. 'पुसू नका' हा पर्याय ऐकायला सुरक्षित वाटतो, पण लॉग भरला की ११०४ क्रमांकाची नोंद पडते आणि पुढचं काहीच लिहिलं जात नाही.

त्याच सर्ट-इन निर्देशांत लॉग १८० दिवस, तेही भारतातच, ठेवायला सांगितलंय. हे सर्व्हरवर ठेवणं शक्य नाही. वेगळं मशीन लागतं. डिस्क किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. फायरवॉल सेकंदाला २०० ओळी पाठवत असेल आणि एक ओळ ३०० बाइटची धरली, तर दिवसाचे ५.२ जीबी होतात, १८० दिवसांचे सुमारे ९३० जीबी. रोजची फाइल जीझिप केली (दाबून लहान केली) की हा मजकूर साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे जुन्या डेस्कटॉपमध्ये एक टीबीची नवी डिस्क टाकून काम भागतं. 'बजेट नाही' हे कारण इथे चालत नाही.

विंडोजचा स्वतःचा फायरवॉल

त्याचा मजकूर-लॉग मुळात बंद असतो. 'डब्ल्यूएफ.एमएससी' उघडा, प्रॉपर्टीजमध्ये जा. डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक असे तीन टॅब आहेत आणि लॉगिंग तिन्हींमध्ये वेगवेगळं चालू करावं लागतं. एकाच टॅबमध्ये केलं आणि मशीन दुसऱ्या प्रोफाइलवर गेलं की फाइल कोरी राहते. 'ड्रॉप्ड पॅकेट्स' ला होय, 'सक्सेसफुल कनेक्शन्स' ला एरवी नाही. आकार मुळात ४०९६ केबी असतो, तो कमाल म्हणजे ३२७६७ केबी करा. फाइल सिस्टिम३२ मधल्या लॉगफाइल्स फोल्डरात, फायरवॉल या फोल्डरात 'पीफायरवॉल.लॉग' नावाने बनते. ती दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलीत तर नव्या फोल्डरवर फायरवॉल सर्व्हिसला, म्हणजे 'एमपीएसएसव्हीसी' ला, लिहिण्याची परवानगी द्या. नाही दिली तर एररही येत नाही आणि लॉगही बनत नाही.

एक ओळ साधारण अशी दिसते: तारीख, वेळ, ड्रॉप, टीसीपी, १९२.१६८.१०.४५, १९२.१६८.१०.५, ५१५१४, १४३३, आणि शेवटी रिसीव्ह. म्हणजे ४५ नंबरच्या पीसीने ५ नंबरच्या सर्व्हरवर एसक्यूएलचा (डेटाबेसचा) १४३३ पोर्ट मागितला आणि सर्व्हरने आत येताना पॅकेट टाकून दिलं. शेवटचा शब्द 'सेंड' असेल तर बाहेर जाताना अडलं.

कोणत्या नियमाने अडवलं हे ही फाइल सांगत नाही. त्यासाठी 'ऑडिटपोल' ने 'फिल्टरिंग प्लॅटफॉर्म पॅकेट ड्रॉप' आणि 'फिल्टरिंग प्लॅटफॉर्म कनेक्शन' या दोन उपवर्गांचं फक्त फेल्युअर ऑडिट चालू करा. मग सिक्युरिटी लॉगमध्ये ५१५२ (पॅकेट अडवलं) आणि ५१५७ (कनेक्शन अडवलं) या नोंदी पडतात. सक्सेस चालू करू नका. ५१५६ च्या नोंदींचा पूर येतो. ५१५७ मध्ये प्रोग्रॅमचं नाव आणि 'फिल्टर रन-टाइम आयडी' असा आकडा मिळतो. आता 'नेटश डब्ल्यूएफपी शो फिल्टर्स' चालवा. चालू फोल्डरात एक एक्सएमएल फाइल बनते. तिच्यात तो आकडा शोधला की फिल्टरचं नाव समोर येतं. हे मशीन रीस्टार्ट करण्याआधी करा, कारण हे आकडे रीस्टार्टनंतर बदलतात.

फायरवॉलच्या नियमांत कुणी हात घातला हे बघायला ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, 'विंडोज फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी', फायरवॉल इथवर जा. २००४ म्हणजे नियम जोडला, २००५ बदलला, २००६ काढला. नोंदीत बदल करणारा युजर आणि प्रोग्रॅम दोन्ही असतात. अँटिव्हायरस किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर अपडेट होताना स्वतःच नियम घालतं, ते इथेच पकडलं जातं.

याच लॉगमधली २०१० ही नोंद नागपूरसारख्या ठिकाणी फार कामाची आहे. ती सांगते की नेटवर्क कार्डाचं प्रोफाइल बदललं. लाइन जाते, यूपीएस संपतो, लाइन येते आणि सगळं एकदम चालू होतं. स्विच आणि डोमेन कंट्रोलर पूर्ण उठायला काही मिनिटं घेतात, फाइल सर्व्हर त्याआधीच तयार होतो. त्याला डोमेन सापडत नाही, म्हणून तो नेटवर्कला पब्लिक ठरवतो. पब्लिक प्रोफाइलमध्ये शेअरिंग आणि रिमोट डेस्कटॉप बंद असेल तर सकाळी सगळे म्हणतात, सर्व्हर दिसत नाही. पण सर्व्हरच्या कन्सोलवर बसलं तर सगळं ठणठणीत. तात्पुरता उपाय म्हणजे कार्ड डिसेबल करून पुन्हा एनेबल करणं. खरा उपाय म्हणजे चालू होण्याचा क्रम लावणं: आधी स्विच, मग डोमेन कंट्रोलर, आणि बाकी सर्व्हरच्या बायॉसमध्ये पॉवर आल्यावर उशिरा सुरू होण्याचा पर्याय.

कडेचा फायरवॉल: ओळ आहे, ओळ नाही

ऑफिसच्या तोंडावर बसवलेल्या फायरवॉलचा लॉग त्याच्याच मेमरीत ठेवू नका. रीबूट झाला की गेला. सिस्लॉगने (नोंदी नेटवर्कवरून पाठवायची पद्धत) वेगळ्या मशीनवर पाठवा. मूळ पोर्ट यूडीपी ५१४, टीएलएससाठी (कूटबद्ध करून पाठवायला) ६५१४. तीव्रतेच्या पातळ्या ० (सर्वांत गंभीर) ते ७ (सर्वांत बारीकसारीक). कनेक्शनच्या नोंदी पातळी ६ ला येतात, म्हणून ४ वर ठेवलेल्या सिस्लॉगमध्ये फक्त अडवलेलं दिसतं, सोडलेलं दिसत नाही. ७ वर कायमचं ठेवू नका.

यूडीपी पोच घेत नाही, त्याने काही ओळी गळतात, म्हणून पोच घेणारं टीसीपी वापरावंसं वाटतं. सिस्कोच्या एएसए या फायरवॉलवर मात्र जपून: सिस्लॉग टीसीपीने लावला आणि लॉग घेणारं मशीन बंद पडलं, तर एएसए नवी कनेक्शन्सच थांबवतो. 'लॉगिंग परमिट-होस्टडाउन' ही कमांड दिलेली असेल तरच तो पुढे चालतो. फोर्टिगेट या फायरवॉलवर वेगळी गोष्ट: शेवटच्या 'इम्प्लिसिट डिनाय' नियमाचा लॉग मुळात बंद असतो, तो चालू करा. नाहीतर कोणत्याच नियमात न बसलेलं ट्रॅफिक गुपचूप मरतं.

आता खरं निदान. समजा, सीताबर्डीच्या ऑफिसातून बुटीबोरीच्या प्लँटमधल्या एसक्यूएल सर्व्हरला बिलिंगचा पीसी जोडला जात नाही. पीसीचा आयपी आणि सर्व्हरचा आयपी टाकून फायरवॉलचा लॉग गाळा. तीनच शक्यता असतात.

एक, ओळच नाही. म्हणजे पॅकेट फायरवॉलपर्यंत आलंच नाही, किंवा त्या नियमावर लॉग बंद आहे. यातलं कोणतं ते आधी ठरवा: त्याच पीसीवरून जो पोर्ट नक्की अडलेला आहे तो मुद्दाम मागा, 'टेस्ट-नेटकनेक्शन' ने. त्याची अडवल्याची ओळ आली तर रस्ता आणि लॉग दोन्ही ठीक. मूळ विनंती दुसऱ्याच आयपीवर जाते आहे, म्हणजे डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) तपासा. तीही आली नाही तर पीसीचा गेटवे (बाहेर जायचा पत्ता), व्हीलॅन (स्विचवरची नेटवर्कची विभागणी), स्विचचा पोर्ट या क्रमाने बघा. आणि हे विसरू नका की एकाच सबनेटमधल्या (आयपी पत्त्यांच्या एकाच गटातल्या) दोन मशीनमधलं ट्रॅफिक कडेच्या फायरवॉलवरून जातच नाही. तिथे त्याचा लॉग चाळत बसण्यात अर्थ नाही. सर्व्हरचा स्वतःचा फायरवॉल बघा.

दोन, अडवल्याची ओळ आहे. नियमाचा क्रमांक बघा. फोर्टिगेटवर पॉलिसी आयडी ० म्हणजे कोणताच नियम लागला नाही. तेव्हा पाठवणाऱ्याचा आयपी नीट वाचा. डीएचसीपीने (आयपी आपोआप वाटणारी सेवा) काल दिलेला आणि आजचा वेगळा असू शकतो. एएसएवर १०६०२३ म्हणजे ॲक्सेस लिस्टने अडवलं. पण १०६०१५ दिसलं, म्हणजे 'कनेक्शन नाही' म्हणून टीसीपी नाकारलं, तर नियमांना हात लावू नका. तिथे परवानगीचा प्रश्न नसतो. मधूनच आलेलं पॅकेट फायरवॉलला ओळखीचं वाटत नाही. एक तर जायचा रस्ता वेगळा आणि यायचा वेगळा झालाय, किंवा फायरवॉलने ते कनेक्शन निष्क्रिय समजून आधीच काढून टाकलंय.

हे दुसरं कारण थोडं उलगडून बघण्यासारखं आहे, कारण ते 'जेवणानंतर सॉफ्टवेअर हँग होतं' या तक्रारीच्या रूपात येतं. एएसए आणि फोर्टिगेट दोन्ही निष्क्रिय टीसीपी कनेक्शन मुळात एक तासाने विसरतात. विंडोज आणि लिनक्स मात्र टीसीपी कीपअलाइव्ह ('कनेक्शन अजून चालू आहे' हे कळवणारं पॅकेट) मुळात दोन तासांनी पाठवतात. बिलिंगचा प्रोग्रॅम सकाळी डेटाबेसला एकदा जोडला, दुपारी तासाभरापेक्षा जास्त कुणी हात लावला नाही, की फायरवॉल विसरतो आणि पीसीला ते माहीतच नसतं. परत आल्यावर पहिली क्वेरी अडकते, प्रोग्रॅम बंद करून उघडला की चालतो. नियम सैल करून काही होत नाही. कीपअलाइव्ह फायरवॉलच्या मुदतीपेक्षा बरंच खाली आणा, उदाहरणार्थ ३०० सेकंदांवर. किंवा फक्त त्या एका नियमाची मुदत वाढवा. सगळ्या ट्रॅफिकची मुदत वाढवलीत तर सेशन टेबल भरतं.

तीन, सोडल्याची ओळ आहे, तरीही चालत नाही. इथे बहुतेक जण 'फायरवॉलमध्ये तर अलाउ दिसतंय' म्हणून थांबतात. कनेक्शन बंद झाल्याची ओळ शोधा. एएसएवर सुरुवात ३०२०१३ आणि शेवट ३०२०१४. शेवटाच्या ओळीत कारण आणि बाइट असतात. 'सिन टाइमआउट' (सिन म्हणजे जोडणीची पहिली विनंती) आणि शून्य बाइट, तेही बरोबर ३० सेकंदांनी, म्हणजे विनंती गेली, उत्तर आलं नाही: सर्व्हर बंद आहे, त्याचा स्वतःचा फायरवॉल पॅकेट टाकतोय, किंवा सर्व्हरचा गेटवे चुकीचा असल्याने उत्तर दुसरीकडे जातंय. लगेच सर्व्हरकडून रीसेट आला, तर सर्व्हर जिवंत आहे पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही: सर्व्हिस थांबलीय किंवा फक्त १२७.०.०.१ वर (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) ऐकतेय. आणि 'फिन' ने (रीतसर निरोप घेऊन) बंद, बाइट हजारांत, म्हणजे नेटवर्कने आपलं काम केलं. मग सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला फोन लावा आणि ही ओळ त्यांना वाचून दाखवा. ते आधी फायरवॉलच बंद करायला सांगणार आहेत.

सर्व्हरच्या सिस्टिम लॉगमध्ये

तक्रारीची वेळ घ्या, तिच्या आधीची १५ मिनिटं गाळा, आणि पहिली लाल ओळ शोधा. शेवटची नाही. एक सर्व्हिस पडली की तिच्यावर अवलंबून असलेल्या पाच पडतात आणि आवाज त्यांचाच जास्त असतो.

रीस्टार्टचा प्रश्न असेल तर १०७४ सांगतं कुणी आणि कोणत्या कारणाने केला. १०७४ नाही, पण ६००८ आणि कर्नल-पॉवर ४१ आहे, म्हणजे मशीन अचानक गेलं. ४१ च्या तपशिलात बगचेक कोड ० असेल तर वीज किंवा पूर्ण हँग. शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन. वीज असेल तर यूपीएसच्या लॉगशी वेळ जुळवा. यूपीएसला सर्व्हर बंद करण्याचं सॉफ्टवेअर जोडलेलंच नाही, हे अनेकदा इथेच उघड होतं.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो आणि रविवारी एसी बंद ठेवणारी ऑफिसं कमी नाहीत. सर्व्हर बंद न पडता मंद झाला असेल तर कर्नल-प्रोसेसर-पॉवरची ३७ ही नोंद शोधा: फर्मवेअरने प्रोसेसरचा वेग कमी केला. लिनक्सवर कर्नल लॉगमध्ये तापमान मर्यादेपलीकडे गेल्याने 'थ्रॉटल्ड' असं येतं. ३७ पॉवर सेटिंगमुळेही पडते, म्हणून आयड्रॅक किंवा आयएलओच्या (सर्व्हरमधली देखरेखीची वेगळी यंत्रणा) लॉगमध्ये तापमान पडताळा. आणि सर्व्हर रूमला डेझर्ट कूलर लावू नका. तो हवेत ओल सोडतो.

नेटवर्कच्या बाजूचे नेहमीचे आकडे: ४१९९ म्हणजे दोन मशीनला एकच आयपी, आणि नोंदीत दुसऱ्याचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) असतो, तो स्विचवर शोधा. १०१४ म्हणजे डीएनएसने वेळेत उत्तर दिलं नाही. डीएचसीपी सर्व्हरवर १०२० म्हणजे स्कोप (वाटायच्या आयपींचा साठा) भरत आलाय, १०६३ म्हणजे संपला. पाहुण्यांच्या मोबाइलना आठ दिवसांची लीज (आयपी वापरायची मुदत) दिली की हे होतंच. ४२२७ आणि ४२३१ म्हणजे बाहेर जाणारे तात्पुरते पोर्ट पुरेनात. ते मुळात ४९१५२ ते ६५५३५, म्हणजे १६३८४ असतात. एखादा प्रोग्रॅम कनेक्शन उघडतो आणि बंद करत नाही. 'नेटस्टॅट' ने कोणता ते बघा. नेटलॉगॉनची (डोमेनशी जोडणारी सर्व्हिस) ५७१९ बूट होताना एकदाच आली तर सोडून द्या, दिवसा पुन्हा पुन्हा आली तर डोमेन कंट्रोलरपर्यंतचा रस्ता तपासा.

लॉगिन फसलं की सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५. त्यातला सब-स्टेटस वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. शेवट '६४' असेल तर तो युजरच अस्तित्वात नाही, '६ए' असेल तर पासवर्ड चूक, '२३४' असेल तर खातं लॉक. एकाच आयपीवरून '६४' च्या शेकडो ओळी, दरवेळी वेगळं नाव, म्हणजे बाहेरून नावं चाचपली जात आहेत; रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा आहे का ते त्याच क्षणी बघा. एनएलए (जोडण्याआधीच पासवर्ड तपासणं) चालू असेल तर रिमोट डेस्कटॉपचे फसलेले प्रयत्न लॉगिन टाइप १० म्हणून नाही, टाइप ३ म्हणून दिसतात. टाइप ५ आणि '६ए' म्हणजे सर्व्हिसच्या खात्याचा पासवर्ड बदलला, सर्व्हिसमध्ये बदलायचा राहिला.

लिनक्सबद्दल थोडक्यात. जर्नल (तिथला लॉग) रीबूटनंतर टिकायला 'व्हार/लॉग/जर्नल' हा फोल्डर असावा लागतो. नसेल तर बनवा. 'जर्नलसीटीएल -के' ने कर्नलच्या ओळी मिळतात. त्यात 'एनएफ कॉनट्रॅक टेबल फुल' (कनेक्शनची यादी भरली) दिसलं तर नियम बरोबर असूनही पॅकेट टाकली जात आहेत. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर सर्व्हिस आपणहून पडली नाही, कर्नलने मारली. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचा फायरवॉल) लॉगचा नियम ड्रॉपच्या आधी हवा, आणि 'लिमिट' लावताना आकडा स्वतः द्या. मूळ मर्यादा तासाला ३ ओळींची आहे, ती ठेवली तर लॉग जवळपास रिकामा दिसतो.

इशारे मोजकेच ठेवा

विंडोजचे लॉग एकत्र करायला इव्हेंट फॉरवर्डिंग पुरतं: गोळा करणाऱ्या मशीनवर 'डब्ल्यूईसीयूटिल क्यूसी', पाठवणाऱ्यांवर विनआरएम (विंडोज दूरून सांभाळायची सेवा), पोर्ट ५९८५. सिक्युरिटी लॉग येत नसेल तर पाठवणाऱ्या मशीनवर 'नेटवर्क सर्व्हिस' हे खातं 'इव्हेंट लॉग रीडर्स' गटात घाला. नव्वद टक्के डोकेदुखी तिथेच असते.

प्रत्येक अडवलेल्या पॅकेटचा मेल लावला तर दोन दिवसांत कुणी मेल उघडत नाही. रात्री उठवण्याच्या लायकीच्या नोंदी थोड्या आहेत: ११०२ (सिक्युरिटी लॉग पुसला), ४७१९ (ऑडिट धोरण बदललं), ५०२५ (फायरवॉल सर्व्हिस थांबली), कडेच्या फायरवॉलची सेटिंग ऑफिसच्या वेळेबाहेर बदलणं, आणि एखाद्या यंत्राकडून १५ मिनिटांत एकही ओळ न येणं. शेवटचा इशारा बहुतेक ठिकाणी नसतो. तो लावल्यावर एका सर्व्हरचं लॉग पाठवणं मुद्दाम थांबवून मेल येतो का ते पाहा, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहा.

घुसखोरीचा संशय आला तर रीस्टार्ट किंवा फॉरमॅट करण्याआधी इव्हेंट व्ह्यूअरमधून सिक्युरिटी, सिस्टिम आणि फायरवॉलचे लॉग 'ईव्हीटीएक्स' स्वरूपात जतन करा, पीफायरवॉलच्या दोन्ही फाइल (चालू आणि '.ओल्ड') उचला, फायरवॉलचं सेशन टेबल मजकूर म्हणून काढून घ्या, आणि सगळं दुसऱ्या मशीनवर हलवून त्यांचे हॅश (फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारा आकडा) लिहून ठेवा. निर्देशांत दिलेल्या प्रकारची घटना असेल तर लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं. पहिल्या कळवण्यात सगळा तपास पूर्ण असावा लागत नाही, हाताशी असलेली माहिती द्या आणि बाकीची नंतर जोडा.